शनिवारचा कोट

१९६९-७०चा हिवाळा. शनिवारी दुपारी तीनचा फुटबॉल सामना गाठायला निघालेल्या गर्दीत, मग ते शहर लंडन असो, मँचेस्टर असो की लिव्हरपूल, सोळा ते वीस वर्षांची पोरं लांबूनच ओळखू यायची. बारीक कापलेले केस, घोट्याच्या वरच थांबणारी लिव्हाइस जीन्स, पॉलिश केलेले जाड तळव्यांचे बूट. हा वेश तसा सगळ्यांचाच. पण त्यातल्या एखाद्याच्या अंगावर जे असायचं, त्याकडे बाकीच्यांची नजर पुन्हा पुन्हा वळायची. मांडीपर्यंत येणारा, बाहेरून तपकिरी मखमलीसारखा आणि आतून दाट पांढरट लोकरीचा, मेंढीच्या कातड्याचा कोट. कॉलर उभी केली की लोकर थेट कानांना भिडायची. कोट घालणारा बहुधा गोदीत, कारखान्यात किंवा बांधकामावर राबणारा, आणि कोटाची किंमत त्याच्या कित्येक आठवड्यांच्या मजुरीइतकी.

ब्रिटनमधल्या तरुणांच्या पोशाखावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि त्यात सर्वांत जास्त शाई बुटांवर खर्ची पडली आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठात १९६४ साली समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचं केंद्र स्थापन झालं. तिथल्या अभ्यासकांनी सत्तरच्या दशकात या ‘स्किनहेड’ पोरांकडे गांभीर्याने पाहिलं. १९७६च्या ‘रेझिस्टन्स थ्रू रिच्युअल्स’ या त्यांच्या ग्रंथात मांडणी अशी होती: जुन्या कामगार वस्त्या पाडल्या जात होत्या, शेजार तुटत होते, आणि अशा वेळी ही पोरं मजुराचे बूट, गॅलिस, जाडेभरडे कपडे मुद्दाम ठळक करून हरवलेली वस्ती अंगावर मिरवत होती. मांडणी वजनदार आहे आणि बरीचशी खरीही आहे. मात्र मेंढीच्या कातड्याचा कोट तिच्यात बसत नाही. असला कोट घालून कुठलाही मजूर कामावर गेला नव्हता. तो आला होता मालकवर्गाकडून, सैन्यातल्या अधिकाऱ्यांकडून, घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानांवरून. कामगारांच्या पोरांनी तो स्वतःच्या पैशाने मिळवला. त्या पिढीची दुसरी बाजू, म्हणजे चांगलं, महागडं, टिकाऊ काहीतरी आपल्याही अंगावर असावं ही ओढ, बुटांपेक्षा या कोटात जास्त स्पष्ट दिसते.

या कोटाचं माहेर इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, सॉमरसेट परगण्यात. तिथल्या स्ट्रीट नावाच्या गावात सायरस क्लार्क या क्वेकर पंथाच्या तरुणाने १८२५ साली मेंढीच्या लोकरीसकट कातड्यांपासून गालिचे बनवण्याचा धंदा सुरू केला. धाकटा भाऊ जेम्स उरलेल्या तुकड्यांतून सपाता शिवू लागला आणि त्या सपातांतून पुढे ‘क्लार्क्स’ ही बुटांची जगप्रसिद्ध कंपनी उभी राहिली. गालिच्यांचा व्यवसाय १८७०मध्ये वेगळा झाला. जॉन मोरलँड यांच्या भागीदारीत ‘क्लार्क, सन अँड मोरलँड’ ही पेढी निघाली आणि शेजारच्या ग्लास्टनबरीलगत तिचा कारखाना चालू लागला. पुढची शंभर वर्षं ग्लास्टनबरी आणि आसपासच्या गावांतल्या अनेक घरांची चूल या कातड्यांवर पेटली.

काम सोपं नव्हतं आणि स्वच्छ तर मुळीच नव्हतं. कत्तलखान्यातून मीठ लावून आलेली कातडी आधी भिजवायची, धुवायची, आतल्या बाजूचं मांस आणि चरबी खरवडून काढायची. मग मीठ आणि आम्लाच्या पाण्यात मुरवून ती कमावायची. जुन्या काळी तुरटीने, नंतर क्रोमच्या क्षारांनी. त्यानंतर तेल देऊन मऊ करणं, ताणून वाळवणं, आतली बाजू, जी कोटात बाहेर येते, घासून तिला मखमलीची लव आणणं. लोकर विंचरायची, एकसारख्या उंचीवर कातरायची, इस्त्रीने सरळ करायची. मेंढी जिवंत असताना तारेच्या कुंपणाला घासून आलेला ओरखडासुद्धा कातड्यावर राहतो. म्हणून कोटासाठी कातडी निवडणाऱ्याची नजर फार मोलाची. अनेक कातडी एकमेकांशेजारी ठेवून रंग, जाडी आणि लोकरीची उंची जुळवावी लागे. कापतानाही कात्री चालत नाही, लोकर छाटली जाते. कातड्याच्या बाजूने सुरीनेच कापावं लागतं. असा कोट महाग पडणारच, कारण त्यात यंत्रापेक्षा माणसाचे हात जास्त लागतात.

सामान्य ब्रिटिश माणसाच्या मनात या कातड्याला मान मिळाला तो दुसऱ्या महायुद्धात. लेस्ली अर्विन या अमेरिकन माणसाने १९२६मध्ये लेचवर्थ इथे पॅराशूटचा कारखाना काढला होता. वैमानिकांसाठी मेंढीच्या कातड्याचं जाकीटही त्याचंच. त्या काळच्या विमानांत ऊब देण्याची धड सोय नसे आणि उंचावर तापमान शून्याच्या खूप खाली जाई. शाही हवाई दलाच्या वैमानिकांचं ‘अर्विन जाकीट’ वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांतून घराघरांत पोचलं. मोरलँडच्या कारखान्यातूनही वैमानिकांसाठी लोकरी अस्तराचे बूट जात होते. जाकीट घालणारे सगळे काही बड्या घरचे नव्हते, पण लोकांच्या डोळ्यांपुढे चित्र राहिलं ते अधिकाऱ्याचं, शूराचं, देखण्या तरुणाचं.

युद्धानंतर तोच माल लांब कोटाच्या रूपात दुकानांत आला. उघड्या किंवा गारठलेल्या मोटारी चालवणारे, घोड्यांच्या शर्यतींना जाणारे, बुकी, शिकारीचा शौक असलेले जमीनदार, बरे पैसे कमावणारे व्यापारी हे त्याचे पहिले गिऱ्हाईक. कामगार वस्तीत असा कोट दिसलाच तर तो बहुधा जुन्या मोटारी विकणाऱ्याच्या किंवा बुकीच्या अंगावर. म्हणजे ज्याच्या खिशात रोकड खुळखुळते आणि ज्याला कारखान्याचा भोंगा ऐकून उठावं लागत नाही, अशा माणसाच्या अंगावर. पोरांनी हेरलं ते नेमकं हेच.

कपड्यातून स्वतःची ओळख मांडायची हौस त्यांच्यापासून सुरू झाली असंही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मँचेस्टर आणि सॅलफर्डमध्ये ‘स्कटलर’ नावाच्या पोरांच्या टोळ्या होत्या. पायघोळ फुगीर विजारी, पितळी टोकांचे लाकडी तळव्यांचे जोडे आणि कपाळावर ओढलेली झुलपं हा त्यांचा गणवेश. त्याच सॅलफर्डमध्ये वाढलेल्या रॉबर्ट रॉबर्ट्स यांनी ‘द क्लासिक स्लम’ या १९७१च्या पुस्तकात विसाव्या शतकाच्या आरंभीची वस्ती उभी केली आहे. त्या जगात रविवारचा सूट सोमवारी सकाळी गहाणवटीच्या दुकानात जायचा आणि पगार झाल्यावर शनिवारी सुटून यायचा. लँकेशायर-यॉर्कशायरमध्ये व्हिटसनच्या सणाला मुलांना नवे कपडे मिळत. ती मुलं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाऊन कपडे दाखवत आणि शेजारी त्यांच्या खिशात पेनी टाकत. चांगला कपडा ही खासगी बाब नव्हती. घराची पत त्याच्यावर जोखली जाई. आईबाप पोटाला चिमटा काढत, पण सणाच्या दिवशी पोराला जुन्या कपड्यांत बाहेर पाठवत नसत.

पन्नासच्या दशकात एक मोठा बदल झाला: पैसा पोरांच्या स्वतःच्या हातात आला. शाळा सोडण्याचं वय तेव्हा पंधरा होतं, आणि कामगारांची बहुतेक मुलं पंधराव्या वर्षी थेट कामाला लागत. नोकऱ्या मुबलक होत्या. बाजारपेठेचे अभ्यासक मार्क एब्रम्स यांनी १९५९मध्ये ‘द टीनएज कन्झ्युमर’ ही पुस्तिका काढली. महागाई वजा केली तरी तरुणांची कमाई १९३८च्या तुलनेत जवळजवळ ५० टक्क्यांनी वाढली आहे, असं त्यांनी दाखवलं. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा, की या तरुणांच्या खरेदीतला नव्वद टक्क्यांच्या आसपासचा वाटा कामगार घरांतल्या मुलामुलींचा होता. मध्यमवर्गातली मुलं तेव्हा शाळेच्या गणवेशात होती. त्यातच सक्तीची लष्करी सेवा संपत आली. शेवटची भरती १९६०मध्ये झाली आणि शेवटचे सैनिक १९६३मध्ये घरी परतले. अठराव्या वर्षी केस कापून खाकी चढवायची पाळी पुढच्या पोरांवर आली नाही.

पगाराच्या पाकिटाचाही एक रिवाज होता. शुक्रवारी मिळालेलं पाकीट न फोडता आईच्या हातात द्यायचं, आणि तिने काढून दिलेले पैसे आपल्या खर्चाला घ्यायचे. कामगार घरांत हे वर्षानुवर्षं चालत आलं होतं. साठच्या दशकात हळूहळू उलटं होऊ लागलं: मुलगा राहण्या-जेवण्याचे ठरावीक पैसे आईला देई आणि उरलेले स्वतःकडे ठेवी. उरलेल्या पैशांत सिनेमा, सिगारेट, बिअर, फुटबॉल आणि कपडे. लग्न होऊन घरखर्च गळ्यात पडेपर्यंतची चार-पाच वर्षं हीच काय ती हौसेची.

त्या हौसेचे पहिले मानकरी टेडी बॉय. सॅव्हिल रोच्या शिंप्यांनी युद्धानंतर सातव्या एडवर्डच्या काळातली लांब कोटांची फॅशन श्रीमंत तरुणांसाठी पुन्हा आणली होती. दक्षिण लंडनच्या कामगार पोरांनी ती उचलली, तिला मखमली कॉलर आणि जाड रबरी तळव्यांचे बूट जोडले. त्यांच्या अंगावर ती दिसताच श्रीमंतांनी ती टाकून दिली. साठच्या दशकात मॉड आले. इटालियन बेताचे सूट, स्कूटर, आणि स्कूटरवर सूट खराब होऊ नये म्हणून अमेरिकन लष्कराचा जुना पार्का. त्यांच्या कपड्यांच्या दुकानांनी लंडनचं कार्नाबी स्ट्रीट सजवणारा जॉन स्टीफन हाही ग्लासगोहून आलेला साधा दुकान-नोकर. १९६४च्या ईस्टरला क्लॅक्टनमध्ये आणि व्हिटसनला ब्रायटन-मार्गेटमध्ये मॉड आणि मोटारसायकलवाले रॉकर यांच्यात मारामाऱ्या झाल्या. वर्तमानपत्रांनी त्या फुगवून छापल्या. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी १९७२च्या ‘फोक डेव्हिल्स अँड मॉरल पॅनिक्स’मध्ये हा फुगवटा कसा तयार होतो ते सविस्तर उलगडलं.

मॉडांतल्या अधिक रांगड्या पोरांमधून १९६८-६९च्या सुमारास स्किनहेड पुढे आले. त्यांचे कपडे एकेक करून तपासले तर मजुराचा म्हणावा असा डॉक्टर मार्टेन्सचा बूट निघतो. १ एप्रिल १९६० रोजी नॉर्थॅम्प्टनशरमधल्या वॉलस्टन गावी तयार झालेला हा बूट पोस्टमन आणि कारखान्यातले कामगार वापरत. जीन्स आणि गॅलिस सोडले तर बाकीचं सारं वरून खाली आलेलं. फ्रेड पेरीचा शर्ट टेनिसचा. सूतगिरणीतल्या कामगाराचा हा मुलगा १९३४ ते १९३६ अशी सलग तीन वर्षं विम्बल्डन जिंकला, आणि त्याच्या नावाचा शर्ट १९५२मध्ये बाजारात आला. बेन शर्मनचा शर्ट ब्रायटनचा, पण घाट अमेरिकेतल्या विद्यापीठांतल्या मुलांचा. हॅरिंग्टन जाकीट मँचेस्टरच्या बराक्यूटा कंपनीचं, मुळात गोल्फ खेळणाऱ्यांसाठी. क्रॉम्बीचा कोट ॲबरडीनच्या जुन्या गिरणीच्या नावाचा, लंडनच्या बड्या कचेऱ्यांत शोभणारा. टेनिस, गोल्फ, विद्यापीठ, कचेरी. या पोरांना जिथे कुणी बोलावलं नव्हतं त्या प्रत्येक जागेचा कपडा त्यांनी आपलासा केला. मेंढीच्या कातड्याचा कोट या रांगेतला सर्वांत महागडा. केस थोडे वाढवून अधिक टापटीप राहणारे, ज्यांना १९७१च्या सुमारास ‘स्वेडहेड’ म्हणू लागले, त्यांनी तर क्रॉम्बीला आणि या कोटाला वेशाच्या मध्यभागी आणून ठेवलं.

त्याच वर्षांत मेंढीचं कातडं आणखी एका गटाच्या अंगावर होतं. १९६६मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर उघडलेल्या ‘ग्रॅनी टेक्स अ ट्रिप’सारख्या दुकानांतून अफगाणिस्तानातले, विशेषतः गझनीकडचे, रंगीत कशिद्याचे कोट विकले जाऊ लागले. १९६७मध्ये बीटल्सच्या अंगावर ते दिसले आणि हिप्पींची त्यावर झुंबड उडाली. नीट न कमावलेल्या त्या कातड्यांना पावसात वास सुटे. हिप्पींना त्याचं काही वाटत नसे. अंगावरच्या कपड्याने आपण ऐषारामाकडे पाठ फिरवली आहे हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांच्यातले बरेच जण मध्यमवर्गातले, विद्यापीठात शिकणारे. कामगार पोराच्या अंगावरचा कोट मात्र घासलेला, बटणं लावलेला, डागाविना. ज्याच्या आजोबांचा सूट दर सोमवारी गहाण पडत होता, त्याला फाटकेपणात सौंदर्य दिसणं शक्य नव्हतं. दोन वर्गांमधलं अंतर इतक्या नेमकेपणाने दाखवणारी दुसरी वस्तू त्या दशकात सापडणार नाही.

पण पैसे कुठून यायचे? रोख देऊन कोट घेणारे थोडे. ब्रॅडफर्डची ‘प्रॉव्हिडंट’ ही कंपनी १८८०पासून कामगार कुटुंबांना कपड्यांसाठी चेक देत असे. तो चेक ठरलेल्या दुकानांत चाले आणि कंपनीचा माणूस दर आठवड्याला दारात येऊन हप्ता नेई. लिटलवुड्स, फ्रीमन्स, ग्रॅटन यांचे जाडजूड कॅटलॉग गल्लीतल्या एखाद्या बाईकडे असत. तिच्यामार्फत वस्तू मागवायची आणि आठवड्याच्या हप्त्याने फेडायची. लंडनच्या पूर्व भागात रविवारी पेटिकोट लेनच्या बाजारात कातडी कोटांच्या गाड्यांपुढे घासाघीस चाले. काही जण नाताळपर्यंत आठवड्याला थोडे थोडे बाजूला टाकत. कोट हाती येईपर्यंत हिवाळा निम्मा सरलेला असे. तरी तो विकत घेतलेला असे, बापाने टाकलेला किंवा मोठ्या भावाचा उतरलेला नव्हे, आणि याचा अभिमान अर्धशतकानंतरच्या आठवणींतही कमी झालेला नाही.

त्या काळची थंडीही विसरून चालणार नाही. १९६२-६३चा हिवाळा इंग्लंडमध्ये १७४०नंतरचा सर्वांत कडक ठरला. १९७०च्या सुमारास निम्म्याहून जास्त घरांत संपूर्ण घर उबदार ठेवणारी व्यवस्था नव्हती. बैठकीच्या खोलीत कोळशाची शेगडी, वरच्या खोल्यांत काचेवर आतून बर्फ. पांघरुणं कमी पडली की गादीवर घरातले कोट टाकत. अशा घरात मेंढीच्या कातड्याचा कोट म्हणजे रात्रीची रजईसुद्धा. मैदानात तर पायऱ्यांवर दोन-दोन तास उभं राहायचं, माथ्यावर छप्पर असेलच याचा नेम नाही. पाऊस हा मात्र कोटाचा शत्रू. एकदा भिजला की तो ओल्या घोंगडीसारखा जड होई, मखमलीवर डाग पडत, आणि धुण्यासाठी तो जाणत्या धुलाईवाल्याकडे पाठवावा लागे. त्याचं बिल वेगळं. म्हणून ढग दिसले की कोट घरी ठेवून जाणारेही पुष्कळ.

या सगळ्या कथेत मुलींना कोपऱ्यात बसवलं गेलं आहे. स्किनहेड मुलीही होत्या. पुढे-मागे लांब बटा ठेवून मध्ये बारीक कापलेले केस, चकाकत्या कापडाचे सूट, आणि जमल्यास तोच कोट. जमणं अवघड होतं, कारण त्याच कामासाठी मुलींना मजुरी कमी मिळे. समान वेतनाचा कायदा संमत झाला १९७०मध्ये आणि अमलात आला १९७५च्या अखेरीस. इतकंच नव्हे, तर शनिवारी पोरं जे सूट मिरवत ते शिवणारेही बहुतांशी स्त्रियांचे हात. लीड्समधल्या हडसन रोडवर माँटेग्यू बर्टन यांच्या कारखान्यात एके काळी दहा हजार माणसं काम करत. त्या शहरातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतून फेब्रुवारी १९७०मध्ये सुमारे वीस हजार कामगार संपावर बाहेर पडले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. मागणी होती ताशी एक शिलिंग वाढीची.

आता या पिढीच्या काळ्या पानाकडे. महाग कोट म्हणजे लुटीचं आमिष. सामन्यानंतर स्टेशनच्या वाटेवर दुसऱ्या संघाच्या पोरांना गाठून त्यांच्या अंगावरचा कोट उतरवून घेणं हा तेव्हाचा सर्रास प्रकार. पण त्याहून कितीतरी भयंकर गोष्ट आपल्या लोकांच्या वाट्याला आली. या पोरांच्या नाचगाण्याचा पाया जमैकन संगीताचा होता. एप्रिल १९६९मध्ये जमैकन गायक डेस्मंड डेकर यांचं गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, त्यात या पोरांच्या खरेदीचा मोठा वाटा. वेस्ट इंडीजच्या मुलांबरोबर ती एकाच गल्लीत वाढली होती. या स्किनहेड पोरांतल्याच टोळ्यांनी दक्षिण आशियातून आलेल्यांना मात्र रस्त्यावर गाठून मारायला सुरुवात केली. खासदार एनॉक पॉवेल यांचं स्थलांतरितांविरुद्धचं भाषण एप्रिल १९६८मधलं, आणि त्यांच्या समर्थनार्थ लंडनचे गोदी कामगार मोर्चाने संसदेकडे गेले होते. १९७०मध्ये ‘पाकी-बॅशिंग’ हा शब्द वर्तमानपत्रांत रूढ झाला. मारणारे पाकिस्तानी, भारतीय असा भेद करत नव्हते. कामावरून रात्री परतणाऱ्या आशियाई माणसाला त्या वर्षांत बारीक केसांची पोरं दिसली की रस्ता बदलावा लागे. त्या पोशाखाच्या आठवणी लिहिताना ही भीतीही तितक्याच जागेची हकदार आहे.

पूर्व लंडनच्या ब्रिक लेन भागात तर कातडी कपडे शिवणारेच या हल्ल्यांचे बळी होते. तिथला शिवणकामाचा व्यवसाय आधी फ्रेंच ह्यूगनॉट निर्वासितांकडे, मग पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंकडे आणि सत्तरच्या दशकात बंगाली स्थलांतरितांकडे आला. त्या रस्त्यावर १७४३मध्ये ह्यूगनॉटांसाठी बांधलेलं प्रार्थनास्थळ पुढे मेथडिस्टांचं चॅपल, मग ज्यूंचं सिनेगॉग आणि १९७६मध्ये मशीद झालं. कारखाने लहान, खोल्या कोंदट, मजुरी नगावर. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली या पंचविशीतल्या बांगलादेशी शिवण-कामगाराचा काम आटोपून घरी जात असताना खून झाला. दहा दिवसांनी हजारो लोक त्याच्या शवपेटीमागे पंतप्रधानांच्या निवासस्थानाकडे चालत गेले. तो जिथे पडला त्या जागेजवळच्या बागेला १९९८मध्ये त्याचं नाव देण्यात आलं.

सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत कोट पोरांच्या अंगावरून बापांच्या अंगावर गेला होता. क्रिस्टल पॅलेसचे प्रशिक्षक माल्कम ॲलिसन १९७६मध्ये फेडोरा टोपी, सिगार आणि मेंढीच्या कातड्याचा कोट अशा थाटात मैदानावर येत. बीबीसीचे समालोचक जॉन मॉट्सन डिसेंबर १९९०मध्ये विकम्ब इथे बर्फवृष्टीत उभे राहून सामना रद्द झाल्याची बातमी देताना दिसले आणि तो कोट कायमचा त्यांच्या नावाशी जोडला गेला. १९८१मध्ये सुरू झालेल्या ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ मालिकेतला पेकमचा डेल ट्रॉटर हा फेरीवाला त्याच कोटात वावरत होता. पोरं पुढे सरकली. लिव्हरपूलचा संघ युरोपात जिंकत सुटला, १९७७चा युरोपियन चषक त्याने रोममध्ये उचलला, आणि संघामागे गेलेली पोरं तिकडून आदिदासचे जोडे आणि खेळाचे महागडे कपडे घेऊन परतली. वस्तू बदलल्या, रीत तीच राहिली: टेनिस आणि स्कीइंगचा कपडा गोदीच्या शहरात.

इकडे कारखाने मात्र बंद पडत होते. १९८२च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या बेरोजगारांचा आकडा तीस लाखांच्या वर गेला. लीड्समधली शिलाई, ईस्ट एंडच्या गोद्या, लँकेशायरच्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ग्लास्टनबरीजवळचा मोरलँडचा कारखानाही थांबला. घरं उबदार झाली. १९८९च्या हिल्सबरो मैदानातल्या चेंगराचेंगरीनंतर टेलर अहवालाच्या शिफारशीनुसार मोठ्या मैदानांत प्रत्येकाला खुर्ची सक्तीची झाली, आणि उभ्याने सामना पाहायच्या पायऱ्या गेल्या. पंधरा वर्षांच्या मुलाला शाळा सोडल्या दिवशी काम मिळेल, ही खात्री त्याआधीच गेली होती.

शाळा सोडायचं वयही १९७२मध्ये सोळावर गेलं. १९६९मध्ये सतरा वर्षांची असलेली ती पोरं आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. डॉक्टर मार्टेन्सचा बूट संग्रहालयांत पोचला. पुस्तकांत, चित्रपटांत त्याला कामगार तरुणाईचं निशाण मानलं गेलं. कोटाला तो मान मिळालेला नाही, आणि म्हणून त्या पिढीचं चित्र एकांगी राहिलं आहे: रागीट, आडदांड, लाथ उगारलेलं. मजुरी वाचवून, हप्ते फेडून, डाग पडू न देता चांगली वस्तू जपणारी पोरं त्या चित्रात दिसत नाहीत. कातडी कमावणारे ग्लास्टनबरीचे कामगार, ताशी शिलिंगासाठी संपावर गेलेल्या लीड्सच्या स्त्रिया आणि ब्रिक लेनचे बंगाली कारागीरही दिसत नाहीत. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही त्या वर्षांत तिथे राहिलेली, रस्ता बदलून चाललेली माणसं आहेत. त्यांनी काय पाहिलं ते त्यांच्या मुलानातवंडांनी आता बसून, विचारून, नोंदवून ठेवावं. हे काम आणखी दहा वर्षांनी करता येणार नाही.